लेकराची निशाणी, पण सही कोणाची?

मैत्रिणींनो, २०१८ च्या फेब्रुवारीतली पुण्याची बातमी आठवते का? एका शिक्षिकेचा तरुण, अविवाहित मुलगा मेंदूच्या कर्करोगाने गेला. जर्मनीत किमोच्या आधी त्याचे वीर्य गोठवून ठेवले होते. आपल्या माघारी ते आईने आणि बहिणीने वापरावे, असे तो लिहून देऊन गेला होता, असे तेव्हा छापून आले. त्यातून सरोगसीने जुळी नातवंडे झाली.

आता दुसरी बाजू. मुंबईतला एक अविवाहित तरुण २०२५ मध्ये कर्करोगानेच गेला. त्याने मात्र केंद्राच्या फॉर्मवर लिहिले होते, मी गेलो तर नमुना नष्ट करा. आई उच्च न्यायालयात गेली. घरच्यांना न विचारता त्याने सही केली, हे तिचे म्हणणे. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा, असे न्यायालयाने जूनमध्ये सांगितले.

त्या माउलीला नावे ठेवायची हिंमत कोणाची होईल? 'माह्या लेकराची निशाणी हाय ते,' असे आपल्या वऱ्हाडातली मायही म्हणेल. पण मला विचाराल तर मुलाने 'नाही' लिहिले असेल, तर ते 'नाही'च. जिवंतपणी लग्नाला त्याचा होकार विचारतो ना आपण? मग बाप व्हायला का नको?

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका मृत मुलाचा नमुना आईवडिलांना द्यायला सांगितले, तेव्हाही मुद्दा संमतीचाच होता. ती दाखवता आली तर कायद्यात मनाई नाही, असे न्यायालय म्हणाले. पण नमुना हातात आला म्हणजे नातू आला असे नव्हे. २०२१ च्या सरोगसी कायद्यात आजी-आजोबांना जागाच नाही. विवाहित जोडपे, किंवा ३५ ते ४५ वयाची विधवा वा घटस्फोटित स्त्री, एवढ्यांनाच ती वाट आहे.

अकोला-अमरावतीहून पोराला घेऊन नागपूर-मुंबईच्या दवाखान्यात जाताना फाईल, पैसे, डबा सगळे आठवणीने घेतो. तिथे किमोच्या घाईत इंग्रजी फॉर्म पुढे येतो आणि पाच मिनिटांत सही होते. तो मराठीत समजावून मागा, बाई! 'माझ्या मागे काय करायचे' हा रकाना पोराला स्वतः भरू द्या. विचारायला जीभ रेटत नाही, खरे आहे. डॉक्टरांना विचारायला सांगा, आपण खोलीबाहेर थांबा.

आणि घरात सून असेल तर? पोटात वाढवायचे तिला, पुढची वीस वर्षे एकटीने सांभाळायचे तिला. 'वंशाचा दिवा' म्हणून तेराव्याच्या आत तिच्यापुढे कागद सरकवणारी घरे निघतीलच. तिने 'विचार करून सांगते' म्हटले, तर माहेरच्यांनी तरी तिच्या मागे उभे राहावे.