दोन मतांचा खासदार

"माझ्या एका मताने काय होतंय?" म्हणणाऱ्यांना मी स्कॉटलंडमधलं नॉर्थ ईस्ट फाइफ सांगतो. २०१७ ला तिथे एसएनपीचे स्टीफन गेथिन्स यांना १३,७४३ मतं, लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराला १३,७४१. दोन मतांनी खासदार!

पण मला खटकतं ते वेगळंच. गेथिन्सना मिळाली जेमतेम ३३ टक्के. तिघांतल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, तरी खासदार तेच. (२०१९ ला हरले, १,३१६ मतांनी.)

हेच मतदार एडिनबरोच्या संसदेसाठी दोन मतं देतात, एक उमेदवाराला, एक पक्षाला. पक्षांच्या यादीतून तोल बराच सावरतो. मग वेस्टमिन्स्टरला हे का नको? जुन्या पद्धतीने निवडून आलेलेच ती बदलणार ना!