चिमणरावांचे हरवलेले भाग आणि सुभानपुऱ्यातील मराठी

ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्यावरील लेखांत एक नाव हमखास आले : गुंड्याभाऊ. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या ‘चिमणराव’ या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि कर्वे गुंड्याभाऊ. जवळजवळ अर्धशतक उलटले तरी ही जोडी मराठी माणसाच्या स्मरणात आहे. स्मरणापलीकडे मात्र हाती फारसे काही उरलेले नाही. मालिकेचे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. मराठी दूरचित्रवाणीवरील या पहिल्यावहिल्या लोकप्रिय कुटुंबाचा सगळा संसार तबकडीवर विकत मिळत नाही, की ग्रंथालयातून आठवड्याच्या बोलीने घरी नेता येत नाही.

कौटुंबिक मालिकांचे संच व्हिडिओ कॅसेट, सीडी किंवा डीव्हीडीच्या रूपाने बाजारात येणे हा आजवर करमणुकीच्या धंद्यातला किरकोळ व्यवहार मानला गेला. आता तो धंदाच जवळपास आटोपला आहे. अशा वेळी त्या व्यवहाराने समाजाला काय दिले आणि तो थांबल्याने काय जाणार आहे, याचा हिशेब मांडला पाहिजे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांपुरता तर हा हिशेब भाषेचाच आहे.

बडोद्याचा लेखक, बडोद्याला न दिसलेली मालिका

चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या आयुष्याचा मोठा भाग बडोद्यात गेला. बडोदे महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि पुढे संस्थानचे राजदफ्तर सांभाळले. जुने कागद वाळवीपासून, दमटपणापासून आणि विस्मृतीपासून वाचविणे हे ज्याचे काम, त्याच अधिकाऱ्याच्या लेखणीतून चिमणराव, काऊ, मोरू आणि गुंड्याभाऊ जन्माला आले. ही पात्रे पुस्तकांतून घरोघरी गेली. १९४० साली ‘लग्न पहावं करून’ या बोलपटातून ती रुपेरी पडद्यावर आली आणि पुढे दूरचित्रवाणीवर. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आजही वाचता येते. दूरचित्रवाणीवरचा अवतार तेवढा विरळ झाला. त्या काळी चुंबकीय फीत महाग होती आणि जुने ध्वनिचित्रमुद्रण पुसून त्याच फितीवर नवे करणे ही जगभरच्या प्रसारण संस्थांची रीत होती. ब्रिटनच्या बीबीसीनेही आपल्या अनेक लोकप्रिय मालिका याच रीतीने गमावल्या. कार्यक्रम एकदा दाखविला की त्याचे काम संपले, अशी समजूत त्यामागे होती.

बडोद्याच्या बाबतीत ही गोष्ट आणखी बोचरी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुढे त्याचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. चारशे किलोमीटर उत्तरेकडील बडोदे त्या कक्षेत नव्हते आणि दक्षिणेचा गोवाही नव्हता. ज्या शहरात चिमणराव लिहिले गेले, तेथील मराठी वाचकांनी ते दूरदर्शनवर पाहिलेच नाहीत. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ही मालिका पाहून गमावली, तर बडोदे आणि पणजीच्या वाट्याला ती आलीच नाही.

प्रक्षेपणाची कक्षा आणि भाषेची कक्षा एक नसते. ही तफावत भरून काढणारे पहिले साधन म्हणजे घरी नेता येणारी व्हिडिओ कॅसेट. तिला मनोरा लागत नव्हता. मुंबईहून परतणारा पाहुणा पिशवीतून ती आणू शकत होता. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेल्या ‘अल्फा मराठी’सारख्या वाहिन्यांमुळे रोजची मराठी मालिका बडोद्यातही दिसू लागली आणि कॅसेटची निकड कमी झाली, असे वाटले.

सुभानपुऱ्यातील घर

सुभानपुरा हा वडोदऱ्याच्या पश्चिमेकडील, गोरव्यालगतचा निवासी भाग आहे. गायकवाडी अमलात आलेली मराठी कुटुंबे प्रामुख्याने दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या भागांत राहिली. शहर वाढत गेले, तसतशी त्यांची पुढची पिढी सुभानपुऱ्यासारख्या नव्या वसाहतींत विखुरली. वाड्याच्या जागी सदनिका आली. वाड्यात चार बिऱ्हाडांचे मराठी एकाच चौकात ऐकू येई. सदनिकेच्या जिन्यात गुजराती असते, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, आणि मराठी तेवढे दाराच्या आत.

वडोदऱ्यात मराठीची संस्थात्मक परंपरा क्षीण नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९१ वे अधिवेशन फेब्रुवारी २०१८ मध्ये याच शहरात भरले. संमेलनात ऐकू येते ते व्यासपीठावरचे मराठी. घरातले मराठी वेगळे असते. सासूने सुनेला दिलेला टोला, जावेजावेतले अर्धवट सोडलेले वाक्य, आजोबांचा नातवावरचा लटका राग, ‘अहो’ आणि ‘अरे’ यांतले अंतर या गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाहीत. त्या कानांनी शिकाव्या लागतात. ज्या घरात मराठी बोलणारी माणसे दोन-तीनच उरली आहेत, तेथे कौटुंबिक मालिका हे त्या बोलीचे उरलेले मोठे बिऱ्हाड आहे. मालिका कलादृष्ट्या सामान्य असली, तरी तिचे हे काम सामान्य ठरत नाही.

गोमंतकीय वाचकाला हे वेगळे सांगायला नको. घरात कोकणी आणि वाचनात, कीर्तनात, नाटकात मराठी अशी असंख्य कुटुंबे गोव्यात आहेत. त्यांनाही स्वयंपाकघरातले मराठी ऐकू आले, ते बव्हंशी मालिकांतून. तियात्र आणि कोकणी चित्रपटांच्या सीडी-डीव्हीडींचा बाजारही गोव्याने पाहिला आहे. लहान भाषिक समाज आपला प्रयोग तबकडीवर घालून घराघरांत आणि परदेशी गेलेल्या आप्तांपर्यंत कसा पोहोचवतो, याचे ते चांगले उदाहरण होते.

संच का निघाले नाहीत

मराठी नाटके आणि पु. ल. देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग तबकड्यांवर आले आणि खपले. कौटुंबिक मालिकांचे तसे झाले नाही. त्याचे कारण साध्या गणितात आहे. सीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते, नेहमीच्या डीव्हीडीवर सुमारे दोन तास. १३ भागांची साप्ताहिक मालिका प्रत्येकी २४ मिनिटांची धरली, तर एकूण ३१२ मिनिटे होतात. म्हणजे पाच सीडी किंवा तीन डीव्हीडी. हा संच कपाटात मावतो आणि खिशालाही परवडतो. आता दैनंदिन मालिका पाहा. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. भाग २२ मिनिटांचा आणि संख्या तीन हजारच धरली, तरी अकराशे तास होतात. त्यासाठी साडेपाचशे डीव्हीडी किंवा जवळपास नऊशे सीडी लागतील. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटाची सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणून बाजार ढवळून काढला. त्या स्वस्त दरानेही डीव्हीडींचा हा संच १८,७०० रुपयांना पडला असता.

मालिका साप्ताहिकाची दैनंदिन झाली, तेव्हाच ती जपून ठेवण्याची वस्तू राहिली नाही. पुढे तबकडीचे युगही मावळले. व्हीसीआर बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. मोझर बेअर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालायची फटही राहिलेली नाही.

यावर दिले जाणारे उत्तर ठरलेले असते : आता सारे इंटरनेटवर आहे. त्यात तथ्यही आहे. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेली, २००१ मध्ये सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आजही पाहता येते. एकाच अभिनेत्याचे दोन मराठी संसार, मध्ये पाव शतकाचे अंतर. एकाचे तुकडे उरले, दुसरा टिकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे आपले ओटीटी व्यासपीठ सुरू केले, तेही गोव्यातच, इफ्फीच्या उद्घाटन सोहळ्यात. दूरदर्शनचा जुना ठेवा प्रेक्षकांपर्यंत नेणे हा त्याचा एक जाहीर हेतू आहे. जुन्या मालिकांना प्रेक्षक आहे, हे २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत झालेल्या ‘रामायण’च्या पुनःप्रसारणाने दाखवून दिलेच होते.

तरीही दोन व्यवस्थांत मूलभूत फरक आहे. विकत घेतलेली तबकडी घराची होते. ओटीटीवरची मालिका वाहिनीची राहते आणि प्रेक्षक केवळ पाहण्याचे भाडे भरतो. हक्कांचा करार संपला, कंपनी विकली गेली किंवा साठवणीचा खर्च नकोसा झाला, की एका सकाळी ती मालिका यादीतून नाहीशी होऊ शकते. तबकडीच्या काळात एका घरची प्रत बिघडली, तरी शेजारच्या घरची शाबूत असे. शेकडो घरांत विखुरलेल्या प्रती हेच तिचे संरक्षण होते. आता सारी प्रत एका मालकाच्या हाती आहे, आणि एका मालकाच्या हाती असलेल्या फितींचे काय होते, हे ‘चिमणराव’ने दाखविले आहे.

ग्रंथालयांचे काम

या प्रश्नावर बडोद्याजवळ जुने उत्तर आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. जादूच्या कंदिलाच्या काचा आणि चित्रपट ती खेडोपाडी नेऊन दाखवीत असे. पडद्यावरचे चित्र हीदेखील ग्रंथालयाने सांभाळायची आणि लोकांना द्यायची वस्तू आहे, ही जाणीव त्या संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी होती.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती पुढे नेली नाही. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनानंतर ३० दिवसांत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. त्या कायद्यात वृत्तपत्रेही आली, दूरचित्रवाणी मालिका आली नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रमही अशा अनिवार्य जतनाच्या कक्षेत घेतले. भारतात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे, पण त्याचा मुख्य विषय चित्रपट. सुभानपुऱ्यातील आजी रोज संध्याकाळी जे पाहत होती, ते जपण्याचे बंधन कुणावरही नाही.

कायद्याने थोडी वाट मात्र मोकळी ठेवली आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याजवळ एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा दिली. जुन्या व्हिडिओ कॅसेटला ही मुभा लागू पडू शकते. सीडी-डीव्हीडी मुळातच अंकीय असल्याने त्यांच्याबाबत ही तरतूद तोकडी पडते. ती रुंदावण्याची मागणी साहित्य संमेलनांच्या ठरावांत यायला हवी. चुंबकीय फितीचे आयुष्य साधारणतः दोन-तीन दशकांचे मानले जाते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कॅसेट्सची ती मुदत संपत आली आहे किंवा संपली आहे.

अकराशे तासांची मालिका सबंध जपावी, असे कुणी म्हणणार नाही. साप्ताहिक मालिका पूर्ण आणि दैनंदिन मालिकांचे निवडक भाग, असा व्यवहार्य मार्ग काढता येईल. पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. त्याने आणि वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने नागरिकांकडील मराठी-कोकणी कॅसेट्स आणि तबकड्या देणगीदाखल स्वीकारण्याचे, त्यांची सूची करण्याचे आणि त्या चालविणारी यंत्रे दुरुस्त ठेवण्याचे काम हाती घेतले, तर त्याला नव्या इमारतीची गरज नाही. दोन्ही शहरे मुंबई केंद्राच्या कक्षेबाहेर राहिलेली होती. मराठी मालिका बाहेरून कशी आणावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे.

‘चिमणराव’चे पुसले गेलेले भाग आता परत येणार नाहीत. त्यानंतरच्या दोन दशकांचे चित्रण मात्र अजून घरोघरीच्या कपाटांत, दिवाळीच्या साफसफाईत टाकून देण्याच्या ढिगात पडून आहे. त्यातले काय वाचते, हे येत्या काही वर्षांतच ठरेल.