आवाज देशाचा की सत्तेचा?

ब्राझीलमधील प्रत्येक नभोवाणी केंद्राला कामाच्या दिवशी सायंकाळी एक तास सरकारी वार्तापत्र प्रसारित करावेच लागते. गेटुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत १९३५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे आजचे नाव ‘ब्राझीलचा आवाज’. १९६४ ते १९८५ च्या लष्करशाहीतही तो चालू होता. तुरुंगातील छळाची वार्ता मात्र त्यात उमटली नाही. आज ६० मिनिटांपैकी २५ शासनाची, ३० संसदेची, ५ न्यायसंस्थेची आहेत; कामगार-शेतमजुरांच्या संघटनांसाठी एकही राखीव नाही. सक्ती उठवून वार्ता धनिकांच्या हाती सोपविणे हा यावरील उपाय नव्हे. ज्यांना हा आवाज ऐकविला जातो, त्यांना त्यात बोलण्याचा हक्क मिळाला, तरच तो देशाचा आवाज ठरेल.