सही केली, आवाज गेला

१९६३ साली न्यू यॉर्कच्या तीन मुलींनी फिल स्पेक्टर या निर्मात्याच्या ‘फिलीज रेकॉर्ड्स’शी करार केला. व्हेरोनिका आणि एस्टेल बेनेट या सख्ख्या बहिणी, तर नेड्रा टॅली ही त्यांची मावसबहीण. गटाचे नाव ‘द रॉनेट्स’. त्याच वर्षी त्यांचे ‘बी माय बेबी’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ते आजही वाजते आहे. या यशाचे त्यांना काय मिळाले? तिघींत मिळून सुमारे १५ हजार डॉलरची उचल. त्यापुढे रॉयल्टीचा एक पैसाही हाती आला नाही.

त्या काळी मुलींच्या गायनगटांना निर्माते स्वतःचा माल समजत. स्पेक्टरनेच १९६२ साली डार्लीन लव्हच्या आवाजातले ‘ही इज अ रेबेल’ ‘द क्रिस्टल्स’ या दुसऱ्याच गटाच्या नावावर विकले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. नाव एकीचे, गळा दुसरीचा, कमाई तिसऱ्याची. रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी, म्हणजे व्हेरोनिका, हिच्यावर तर त्याने वैयक्तिक हक्कही सांगितला. १९६६ साली बीटल्सबरोबरच्या दौऱ्यावर गट गेला, पण तिला त्याने जाऊ दिले नाही. वर्षभरातच गट मोडला. १९६८ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केले आणि १९७२ मध्ये त्या घरातून ती अनवाणी पळाली.

पुढे १९८७ च्या ‘डर्टी डान्सिंग’ चित्रपटात ‘बी माय बेबी’ वाजले आणि नव्या पिढीच्या तोंडी बसले. तिघी स्पेक्टरविरुद्ध न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयाने व्याजासह सुमारे ३० लाख डॉलर द्यायला सांगितले. २००२ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यातला मोठा आधारच काढून घेतला. रेकॉर्ड-विक्रीवरची रॉयल्टी त्यांना मिळेल. पण चित्रपट आणि जाहिरातीतल्या वापराच्या पैशावर त्यांचा हक्क नाही, कारण करारात रेकॉर्डिंगची मालकी देताना तो वापर त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला नव्हता. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. पण विशीच्या आसपासच्या मुलींनी १९६३ साली पंचवीस वर्षांनंतरचा बाजार ओळखायला हवा होता, ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

नेमक्या त्याच साठच्या दशकात मुंबईत लता मंगेशकर गायकांसाठी रॉयल्टी मागत होत्या. मोहम्मद रफींचे मत वेगळे होते आणि त्यापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. लताबाईंना तेव्हा हट्टी ठरवले गेले. त्या बरोबर होत्या. गायकाच्या रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१२ ची दुरुस्ती उजाडावी लागली.

आज गाण्याच्या स्पर्धांतून आपल्याकडची कोवळी मुले-मुली असेच कागद पुढ्यात घेऊन बसतात. ‘सर्व माध्यमे, आजची व भविष्यातील’ असे शब्द त्यात दिसले, तर पालकांनो, पेन खाली ठेवा आणि तो कागद आधी वकिलाला दाखवा.