राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) गुलामगिरीसाठी नव्हे, तर घटक राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे दक्षिणेच्या नेत्यांनी पराभवानंतर मांडले आणि आजही मांडले जाते. राज्यांनी स्वेच्छेने संघराज्य स्थापले, म्हणून त्यातून बाहेर पडण्याचा अधिकारही त्यांना होता, हा या पक्षाचा मुख्य आधार. जोडीला आयात-जकातीचा जाच सांगितला जातो.

जकातीचे कारण कालक्रमातच कोसळते. १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने जकातीचे कायदे झुगारले होते, हे खरे. पण १८५७ मध्ये जकात घटली होती आणि ती वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्ये फुटण्याचा निर्णय घेऊन मोकळी झाली होती.

हक्कांच्या तत्त्वाशीही दक्षिण एकनिष्ठ नव्हती. १८५० चा फरारी गुलाम कायदा केंद्राने केला, तो तिच्याच आग्रहाने. त्यात पकडलेल्या माणसाला ज्यूरी मिळत नसे, स्वतःची साक्षही देता येत नसे आणि उत्तरेतील नागरिकांवर धरपकडीत साहाय्य करण्याची सक्ती होती. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. तेथे राज्याचा हक्क उत्तर बजावत होती आणि केंद्राचा बडगा दक्षिणेला हवा होता. डिसेंबर १८६० मध्ये फुटताना दक्षिण कॅरोलायनाने काढलेल्या जाहीरनाम्यातली तक्रारही हीच: उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत.

खरे कारण दक्षिणेने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने आपली भूमिका गुलामगिरीशी एकरूप असल्याचे सांगितले. मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे फुटलेल्या राज्यांच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी कृष्णवर्णीयांची असमानता आणि दास्य हाच नव्या राज्यव्यवस्थेचा पाया असल्याचे जाहीर केले. त्या सरकारच्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकीला बाधा आणणारा कायदा करण्यास आपल्या काँग्रेसला मनाई केली आणि गुलामांसह कोणत्याही घटक राज्यात जाण्या-राहण्याचा हक्क नागरिकांना दिला. तो नाकारण्याची मुभा राज्यांना उरली नाही.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी प्रारंभी, आधीपासून असलेल्या गुलामगिरीला हात न लावण्याचे आश्वासन दिले होते, असा आक्षेप घेतला जातो. आश्वासन खरे आहे. पण वाद पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत ती पसरू द्यावी की नाही, याचा होता. लिंकन यांचा त्या विस्ताराला ठाम विरोध होता आणि ते निवडून येताच दक्षिण फुटू लागली. १८६० मध्ये सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे दास्यात होती. त्यांच्यावरील मालकी टिकवणे हे दक्षिणेचे साध्य होते. राज्यांचे हक्क हे सोयीनुसार उचललेले आणि टाकलेले साधन होते.