शुल्क उतरेल, पण छोट्यांची वाइन येईल का?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 27 जानेवारी 2026 रोजी झाली, तेव्हा मोटारींबरोबरच वाइनचीही बरीच चर्चा झाली. युरोपीय वाइनवरील 150 टक्के आयात शुल्क करार अमलात येताच 75 टक्क्यांवर आणि पुढे टप्प्याटप्प्याने, किमतीनुसार, 20 ते 30 टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. त्यामुळे उत्तम फ्रेंच वाइन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येणार, असा निष्कर्ष लगेच काढला गेला. बड्या कंपन्यांच्या बाटल्यांपुरता तो खरा ठरेलही. छोट्या द्राक्षबागायतदारांच्या हलक्या लाल वाइनचे गणित मात्र निराळे आहे आणि शुल्क हा त्या गणिताचा एक भाग आहे, सगळे गणित नव्हे.

त्यासाठी बोजोलेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ल्यों शहराच्या उत्तरेला असलेल्या या टेकड्यांवर गामे जातीचे द्राक्ष पिकते. 1395 मध्ये बर्गंडीच्या सरदाराने, फिलिप द बोल्डने, या द्राक्षाला आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचे फर्मान काढले होते. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ते रुजले. गामेचे घड न चुरगाळता अखंड टाकीत भरतात. दाण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते, फळाचा सुगंध उतरतो, पण सालीतले तुरट टॅनिन फारसे उतरत नाही. रंगाने फिकी, जिभेवर हलकी आणि आंबटसर ताजेपणा असलेली ही लाल वाइन.

तिचा हलकेपणाच बाजाराने विकायला काढला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकाच दिवशी विक्रीला येणारी 'बोजोले नूव्हो' काढणीनंतर जेमतेम दोन महिन्यांत बाटलीत येते. पैसा लवकर सुटतो, म्हणून अर्धेलीने मळा कसणाऱ्यालाही ती सोयीची वाटली. परंतु जी वाइन थांबू शकत नाही, ती विकणाऱ्यालाही थांबू देत नाही. 2001 च्या हंगामानंतर मागणी कोसळली आणि 11 लाखांहून अधिक पेट्या वाइन ऊर्ध्वपातनासाठी द्यावी लागली किंवा नष्ट करावी लागली. त्या काळात बोजोले म्हणजे स्वस्त आणि उथळ, अशी जी प्रतिमा झाली, ती अजून पूर्णपणे पुसलेली नाही.

याच भागातील काही बागायतदारांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. ज्यूल शोव्हे या रसायनशास्त्र जाणणाऱ्या वाइन व्यापाऱ्याच्या सल्ल्याने मोर्गोंच्या मार्सेल लापियेर यांनी 1980 च्या दशकात रासायनिक फवारण्या सोडल्या, बाहेरचे यीस्ट नाकारले आणि टिकवण्यासाठी घालतात ते सल्फर अगदी कमी किंवा शून्यावर आणले. मोर्गों, फ्लेरी, मुलाँ-आ-व्हाँ अशा दहा गावशिवारांची वाइन स्वतःच्या नावाने विकली जाते. यांतील चांगल्या मळ्यांची वाइन पाच ते दहा वर्षे सहज मुरते. मुलाँ-आ-व्हाँची त्याहूनही अधिक. लोणचे मुरते तसेच हे. सुरुवातीचा चेरीचा ठसठशीत स्वाद मागे सरतो आणि ओल्या मातीचा, सुकल्या फुलांचा गंध पुढे येतो. ती बर्गंडीच्या पिनो न्वारसारखी लागू लागते. मोर्गोंच्या या मुरण्यासाठी फ्रेंच भाषेत त्या गावाच्या नावावरून चक्क एक क्रियापदच आहे. हलकी वाइन ठेवण्यासाठी नसते, हा समज या बाटल्यांनी खोटा पाडला.

प्रश्न आहे तो ती ठेवायची कुठे, हा. सल्फर कमी असलेली वाइन उष्णतेत बिघडते. अशा काही बाटल्यांवर 14 अंशांखाली साठवण्याची सूचनाच असते. अमेरिकी आयातदार कर्मिट लिंच यांनी छोट्या बागायतदारांची वाइन रेफ्रिजरेटेड कंटेनरमधूनच नेण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने. मे महिन्यात मुंबई बंदरात उतरून साध्या ट्रकने साध्या गोदामात गेलेल्या बाटलीची चव घेऊन मोर्गोंविषयी मत बनवणे म्हणजे मोर्गोंवर अन्याय. चव घेण्याविषयीही आपल्याकडे एक गैरसमज आहे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातील जुन्या थंड घरांचा आहे, दादरच्या दिवाणखान्याचा नाही. ही वाइन 13-14 अंशांना, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवून, थंड करून प्यावी.

आणि खर्च? करारातील सवलत टक्क्यांत आहे. इतर खर्च मात्र ठोक आहेत. प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी आणि तिचे शुल्क, अन्नसुरक्षेची तपासणी, शीत वाहतूक. लाखो बाटल्या पाठवणाऱ्याला हा भार जाणवतही नाही; पन्नास पेट्या पाठवणाऱ्याला तो परवडत नाही. राज्यांच्या करांना तर हा करार हातही लावत नाही. परिणामी दुकानाच्या फळीवर आधी येतील त्या मोठ्या कंपन्यांच्या, सल्फरने सुरक्षित केलेल्या, कोठेही टिकणाऱ्या वाइन. यात वाईट काही नाही, पण फ्रेंच वाइन म्हणजे एवढेच, असे ठरायला नको.

नाशिकच्या छोट्या वाइनरींनी या घडामोडीकडे बारकाईने पाहण्याची गरज आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर कर्जे काढून अनेकांनी वाइनरी उभारल्या. 2008 च्या मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर विक्री थंडावली, माल टाक्यांत राहिला आणि कित्येकांना टाळे लावावे लागले. आपल्याकडे काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाठोपाठ उन्हाळा. त्यामुळे थंडाव्याशिवाय वाइन थांबतच नाही. वास्तविक याच जिल्ह्याने 1990 च्या दशकापासून पूर्वशीतकरण आणि शीतगृहांच्या बळावर खाण्याची द्राक्षे युरोपात पाठवली. ते तंत्र इथल्या शेतकऱ्याला नवे नाही. सरकारला मदत करायचीच असेल, तर विंचूरसारख्या ठिकाणी छोट्या वाइनरींसाठी सामाईक, 14 अंशांवर राखलेली साठवण उभारणे अधिक उपयोगी पडेल. विक्रीकराचा परतावा बाटली विकली गेल्यावर मिळतो, आणि छोट्याची अडचण त्याआधीच, माल टाकीत असताना सुरू होते. शुल्क 75 टक्क्यांवरून आणखी खाली येईपर्यंतची वर्षेच त्यासाठी हाताशी आहेत.