घरगुती कारागिरी : गिटारीची फळी वैशाखांत कां फुटते ?

सुशिक्षित घरांतील मुलानें रंधा-पटाशी हातीं घेतली कीं वडील मंडळींच्या कपाळाला आंठी पडते. आणि त्यानें केलेली वस्तु पुढें बिघडली म्हणजे "आम्ही सांगितलेंच होतें" असें म्हणून तीच मंडळी मोकळी होतात. परंतु बिघाडाचें कारण न शोधतां कर्त्यालाच दोष देणें शिकलेल्या माणसास शोभत नाहीं. या दृष्टीनें चंद्रपूरकडील एक उदाहरण विचार करण्यासारखें आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलानें चंद्रपुरास घरच्या घरीं गिटार तयार केली. वरची फळी स्प्रूस नांवाच्या थंड प्रदेशांतील लांकडाची, पाठ व बाजू शिसवीच्या आणि मान सागाची. सांधे स्वच्छ होते, आवाज गोड होता. सर्व जोडकाम मात्र त्यानें श्रावणांत, पावसामुळें घरीं बसावें लागे त्या दिवसांत उरकलें. पुढच्या वैशाखांत एका दुपारीं कट्कन आवाज झाला आणि वरची फळी घोडीपासून खालपर्यंत उभी फुटली. आजोबा म्हणाले, "हा धंदा आपला नव्हे, हत्यारें विकून टाक." मुलानेंहि हाय खाल्ली.

वास्तविक दोष त्याच्या हाताचा नव्हता, महिन्याचा होता. झाड तोडलें तरी लांकडाचा हवेशीं चाललेला व्यवहार संपत नाहीं. ओल्या हवेंत तें पाणी घेऊन फुगतें, कोरड्या हवेंत तें सोडून आक्रसतें. आणि हा फरक लांबींत जवळजवळ नसतो, रुंदींत असतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळ्यांत हवेची आर्द्रता शेंकडा ८० च्या वर जाते, तर वैशाखांत पारा ४६-४७ अंशांवर चढून दुपारची हवा अगदीं शुष्क होते. श्रावणांत लांकडांत शेंकडा १४ भाग पाणी असेल तर वैशाखांत सहाच उरावें. एवढ्या फरकानें पंधरा इंच रुंदीची स्प्रूसची फळी सुमारें ४ मिलिमीटर आक्रसूं पाहते. पण तिच्या पोटाशीं आडव्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात व त्यांची लांबी बदलत नाहीं. अवघी अडीच-तीन मिलिमीटर जाड असलेली फळी मग फुटण्यावांचून काय करील ? वैयाकरण 'दारु' हा शब्द 'दॄ' म्हणजे फाडणें या धातूपासून साधतात, तो उगीच नव्हे.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला असा कीं, पट्ट्या व पाठ चिकटविण्याचें काम कार्तिक ते माघ या काळांतच करावें. तेव्हां हवा मध्यम असते व पुढें लांकडाला दोन्ही बाजूंनीं थोडीच मजल मारावी लागते.

दुसरा उपाय, लांकूड वाळलें कीं नाहीं हें अंदाजानें न ठरवितां तराजूनें ठरवावें. त्याच फळीचा लहान तुकडा वजन करून घ्यावा, ओव्हनमध्यें शंभर अंशांच्या किंचित् वर ठेवून वजन उतरेनासें होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हां तोलावा. आधीं ११२ ग्रॅम व नंतर १०० ग्रॅम भरला तर शेंकडा १२ भाग पाणी होतें. आठ-नऊ भाग उरले म्हणजे फळी कामाला योग्य झाली.

तिसरा उपाय फळी निवडण्याचा. तिच्या टोकाकडून पाहावें. वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठाशीं काटकोनांत उभ्या असतील तर ती घ्यावी. आडव्या पसरलेल्या असतील तर ती जवळजवळ दुप्पट आक्रसते.

सागाविषयीं दोन शब्द. आल्लापल्लीच्या सागाची कीर्ति सर्वश्रुत आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं याच वनप्रदेशांतून साग गेला. परंतु ज्या तेलामुळें साग टिकतो तेंच तेल सरसाला धरूं देत नाहीं. म्हणून सांध्याचें तोंड ताजें रंधून, स्पिरिटच्या फडक्यानें पुसून त्याच दिवशीं जोडावें. बाजूच्या पट्ट्या वांकवितांना तुटतात, त्याला कारण घाई व जाडी. पट्टी दोन मिलिमीटरची करावी, ओलसर करून तापलेल्या लोखंडी नळीवर हलकेच दाबावी आणि लांकूड आपण होऊन नमेपर्यंत थांबावें. आपल्या गांवचे बुरूड बांबू आंचेवर कसा वांकवितात तें पाहिलें तर ही युक्ति पुस्तकावांचून समजेल.

आतां फुटलेल्या फळीचें काय करावें ? वैशाखांतच भेग भुसा व सरस घालून बुजविली तर पावसाळ्यांत फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाहीं व ती वर उचलली जाते. श्रावणांत भेग आपोआप मिटली म्हणून तेव्हांच चिकटविली, तर पुढच्या उन्हाळ्यांत फळी शेजारीं फुटते. म्हणून कार्तिकापर्यंत थांबावें. तेव्हां जेवढी फट राहील तेवढीच त्याच लांकडाची बारीक कामटी बसवावी आणि आंतून भेगेवर आडवे चार लहान तुकडे चिकटवावे. त्या मुलानें असेंच केलें. उन्हाळ्यांत तो वाद्य पेटींत ठेवतो व पेटीच्या कोपऱ्यांत भोंकें पाडलेल्या डबींत ओला स्पंज घालतो. त्यानंतर दोन वैशाख गेले. फळी शाबूत आहे, आणि हत्यारेंहि घरांतच आहेत.

'हा धंदा आपला नव्हे' या म्हणण्याला मिरजेनें फार पूर्वींच उत्तर दिलें आहे. तेथील शिकलगार घराणीं मुळांत शस्त्रांना धार लावणारीं. एकोणिसाव्या शतकांत तीं तंतुवाद्यांकडे वळलीं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे पुरते वाळल्याखेरीज तेथें तंबोऱ्याला लागत नाहींत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत या वाट पाहण्याचाहि वांटा आहे. आपल्या घरांतील मुलाची पहिली वस्तु बिघडली तर वडिलांनीं त्याला एकच प्रश्न विचारावा : "जोडकाम कोणत्या महिन्यांत केलेंस ?" उत्तर शोधतां शोधतां तो पुढची वस्तु नीट करील.

पुढील अंकीं रंध्याच्या पात्याला धार कशी लावावी, याचा विचार करूं.